बियांपासून कॉसमॉस लावताना सगळे विचारतात ते प्रश्न

पावसाळा ओसरायला लागला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी पुण्यात राहते, त्यामुळे पेरणीच्या वेळा पुणे-सातारा-नाशिक पट्ट्याच्या धरा. कोकण आणि विदर्भासाठी जिथे फरक पडतो तिथे वेगळं लिहिलंय.

दुकानात कॉसमॉस म्हणून दोन पाकिटं दाखवतात, एकावर गुलाबी फुलं, एकावर केशरी. खरा कॉसमॉस कुठला?

दोन्ही खरे. दोन्ही मूळचे मेक्सिकोकडचे, तिथून बी स्पेनला गेलं आणि माद्रिदच्या कावानियेस नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने १७९१ मध्ये दोघांनाही शास्त्रीय नावं दिली. गुलाबी-पांढरा-राणी रंगाचा तो कॉसमॉस बायपिनॅटस, त्याची पानं अगदी शेपूसारखी बारीक आणि फूल मोठं, मधे पिवळा डोळा आणि भोवती बहुतेक आठ पाकळ्या. पिवळा-केशरी-शेंदरी तो कॉसमॉस सल्फ्युरियस, त्याची पानं जरा रुंद, झेंडूच्या पानांकडे झुकणारी, फूल थोडं लहान पण झाड दणकट.

वागण्यात मात्र दोघांत खूप फरक आहे आणि बहुतेक घोळ इथेच होतो. गुलाबीला आपली थंडी आवडते, जोराचा पाऊस आणि एप्रिलचं ऊन दोन्ही नको असतं. केशरीला काहीही चालतं, ऊन चालतं, उकाडा चालतो, मुरमाड जमीन चालते, आणि हे 'काहीही चालतं' प्रकरण कुठवर गेलंय ते खाली टेकड्यांच्या प्रश्नात वाचा. पाकिटावर नुसतं 'कॉसमॉस मिक्स' लिहिलं असेल तर फोटो नीट बघून घ्या, किंवा बी हातावर ओतून बघा. गुलाबीचं बी काळपट, बारीक, किंचित वाकडं असतं, केशरीचं जास्त लांबुडकं आणि टोकाला चोच असल्यासारखं.

पेरायचं कधी?

गुलाबी असेल तर गणपती उठले की तयारीला लागायचं आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर कधीही पेरायचं. पेरल्यापासून साधारण ८ ते १० आठवड्यांत फूल दिसतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पूर्ण बहर. नोव्हेंबरात पेरलं तरी येतं पण मग फेब्रुवारी संपता संपता ऊन तापायला लागतं आणि झाड मान टाकतं, मजा कमी दिवस मिळते. सगळं बी एकदम पेरू नका, तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा पेरा, पहिल्यांदा लावलेली दमली की दुसरी सुरू होतात.

केशरी जूनपासून पुढे कधीही. दिवाळीत फुलं हवी असतील तर ऑगस्टमध्ये पेरा, त्याला ७-८ आठवडे पुरतात. फेब्रुवारीत पेरला तर उन्हाळ्यातही फुलतो, पाणी मात्र द्यावं लागतं.

कोकणात पाऊस पूर्ण थांबेपर्यंत गुलाबीच्या नादी लागू नका, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा बरा. नागपूर-अकोल्याकडे ऑक्टोबर हिटचा कडाका उतरू द्या आणि मग पेरा. निफाडवाल्यांनी एक लक्षात ठेवा, पारा ४-५ अंशांवर जातो त्या रात्री कोवळी रोपं आत किंवा भिंतीच्या आडोशाला घ्या, कारण कॉसमॉसला गार हवा आवडली तरी दंव सहन होत नाही.

बी पेरण्याआधी भिजवायचं का?

नाही. गरज नाही.

सीडलिंग ट्रे घेऊ की थेट कुंडीत पेरू?

वाफा किंवा मोठी कुंडी असेल तर थेट पेरा. कॉसमॉसची मुळं बारीक असतात, हलवाहलवीत काही रोपं रुसतात, आणि थेट पेरलेलं रोप नेहमी जास्त धट्टंकट्टं निघतं. पण चिमण्या उकरतात, गोगलगायी एका रात्रीत कोवळी पानं फस्त करतात, जागा तयार नसते, अशा वेळी ट्रे किंवा कागदी कप चांगले. कपाला खाली भोक पाडायला विसरू नका.

बी साधारण अर्धा सेंटिमीटर खोल, म्हणजे वरून मातीची पातळ चादर टाकल्याइतकंच. काहीजण बोटाचं पेर बुडेल इतकं खोल टोचतात आणि मग बी खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडतात! वरून झारीने किंवा स्प्रेने पाणी, मग्गा ओतायचा नाही, नाहीतर सगळं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. आपल्याकडच्या हवेत ५ ते १० दिवसांत उगवतं. दोन साधी पानं आधी येतात, खरी बारीक पानं नंतर. खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की संध्याकाळच्या वेळी मोठ्या कुंडीत हलवा, मातीच्या गोळ्यासकट, आणि दोन दिवस सावलीत ठेवा.

जमिनीत दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा. १२ इंची कुंडीत उंच जातीची दोन, बुटक्या जातीची तीन रोपं खूप झाली. एवढंसं रोप बघून वाटतं अजून दोन बसतील, तसं करू नका, दाटी झाली की भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पावडर धरणारी बुरशी, आलीच.

कोणती जात घेऊ? पाकिटावर इंग्रजी नावं असतात त्यातलं काही कळत नाही.

गुलाबीमध्ये 'सेन्सेशन' ही जुनी आणि खात्रीची जात, १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या जाती पारखणाऱ्या संस्थेचा मान मिळालेली, तीन-चार फूट उंच होते, त्यामुळे जमीन असेल तरच. गच्चीवर किंवा बाल्कनीत 'सोनाटा' घ्या, दीड-दोन फुटांत आटपते. 'सी शेल्स'च्या पाकळ्या पुंगळीसारख्या गुंडाळलेल्या असतात, लोक बघत राहतात. केशरीमध्ये 'सनसेट' आणि 'ब्राइट लाइट्स' सहज मिळतात. पहिल्यांदाच लावत असाल तर साधं मिक्स पाकीट घ्या आणि पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघा. चांगलं साठवलेलं बी दोन-तीन वर्षं उगवतं, पण दुकानाच्या दारात उन्हात टांगलेल्या पाकिटाची काही गॅरंटी नसते.

ऑनलाइन निळ्या कॉसमॉसचं बी मिळतंय, घेऊ का?

नका घेऊ. निळा कॉसमॉस नसतो, फोटोवर रंग मारलेला असतो. चॉकलेट कॉसमॉस मात्र खरोखर आहे, गडद मरून फुलाला उन्हात चॉकलेटसारखा वास येतो, पण तो कंदमुळाचा प्रकार आहे आणि मुख्यतः रोपांच्या रूपातच विकला जातो. ५० रुपयांत त्याचं १०० बी देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

माती कशी करायची? गुलाबासाठी करते तशीच भरपूर खताची करू का?

नको नको. गुलाबाला जे देता त्याच्या निम्मंही नको. नर्सरीची लाल माती दोन भाग, वाळू किंवा कोकोपीट एक भाग, जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत अर्धा ते एक भाग, एवढं बास. अंगणात काळी चिकण माती असेल तर त्यात वाळू आणि थोडा पालापाचोळ्याचा कंपोस्ट मिसळून वाफा जरा उंच करा, कारण काळी माती पाणी धरून ठेवते आणि कॉसमॉसला पायाशी ओल साचलेली अजिबात खपत नाही.

रोपं छान उगवली आणि मग एकेक करून आडवी पडली, देठ मातीलगत बारीक झालेत. काय झालं?

मर लागली. माती सतत ओली, हवा कोंडलेली आणि रोपं दाट, की ही बुरशी येते. पडलेली वाचत नाहीत, उपटून टाका. उरलेल्यांचं पाणी कमी करा, ट्रे हवेशीर उजेडात ठेवा, झाकण किंवा प्लास्टिक घातलं असेल तर काढा. पुढच्या वेळी बागेची जुनी माती ट्रेला वापरू नका, ताजं धुतलेलं कोकोपीट घ्या, आणि वरचा थर सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिळाला तर मातीत मिसळा, उपयोग होतो.

रोपं लंबुळकी होऊन एका बाजूला झुकताहेत.

ऊन कमी पडतंय. खिडकीत ठेवली असतील तर बाहेर काढा, पण एकदम दुपारच्या उन्हात नाही, तीन-चार दिवस सकाळचं ऊन देत देत सवय करा. पुनर्लागवड करताना थोडी खोल लावली तरी चालतात.

शेंडा खरंच खुडायचा का? हात धजत नाही.

खुडा. रोप वीतभर-दीड वीत झालं आणि पानांच्या चार-पाच जोड्या दिसल्या की वरचा शेंडा नखाने तोडायचा. पानांच्या बेचक्यातून बाजूच्या फांद्या फुटतात, झाड बुटकं आणि भरलेलं होतं, वाऱ्यात कमी लोळतं. पहिलं फूल आठवडा-दोन आठवडे उशिरा येतं हे खरं, पण एका दांडीवर एक फूल बघायचं की झुडूपभर, ते तुम्ही ठरवा. बुटक्या जातींना नाही खुडलं तरी चालतं.

उंच जातींना शेंडा खुडूनही काठी लागतेच. बांबूच्या तीन काठ्या कुंडीच्या कडेने रोवून सुतळीचा सैल वेढा द्या, आणि हे झाड पडायच्या आधी करा, पडलेल्या झाडाला उभं करताना फांदी मोडतेच.

झाड छातीएवढं झालंय, हिरवंगार आहे, पण फूल एकही नाही. काय घालू म्हणजे फुलेल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर कुणालाच आवडत नाही: काही घालू नका, जे घालताय ते बंद करा.

आपल्याला झाडावर माया करायची म्हणजे खत घालायचं असंच वाटतं, शेणस्लरी, जीवामृत, १९:१९:१९, कुणी डीएपीचे दाणे, कुणी चिमूटभर युरिया, सोसायटीतल्या माळीकाकांनी दिलेलं काहीतरी वेगळंच. यातल्या बऱ्याचशात नत्र असतं आणि नत्र मिळालं की कॉसमॉस पानं वाढवत बसतो, त्याला फुलायची घाईच उरत नाही. तो मूळचा उघड्या, कमी कसाच्या जमिनीत वाढणारा, एक पावसाळा मिळाला की भरभर फुलून बी टाकून मोकळं व्हायचं असा त्याचा हिशोब असतो. लागवडीच्या वेळी घातलेलं खत कुंडीतल्या झाडालाही जवळजवळ पूर्ण हंगामभर पुरतं. फारच मरगळलेलं, पिवळं दिसलं तर एकदा मूठभर गांडूळखत द्या, त्यापलीकडे नाही. केळ्याच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी घालून काही फुलं उघडत नाहीत, मिलीबग आणि चिलटं मात्र येतात.

खताचं नसेल तर ऊन बघा. ६ तास थेट ऊन लागतंच, ४ तासांत फुलं येतात पण मोजकी.

आणि तिसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. कॉसमॉस दिवस लहान होताना जास्त लवकर फुलतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस १३ तासांच्या थोडा वर जातो, तेव्हा पेरलेलं झाड आधी नुसतं उंच होतं आणि कळ्या उशिरा धरतं. तेच ऑक्टोबरात पेरलेलं अडीच फुटांवरच फुलायला लागतं. याचाच दुसरा भाग म्हणजे रात्रीचा उजेड. कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली किंवा गच्चीवर रात्रभर चालू असलेल्या एलईडीजवळ असेल तर झाडाला दिवस लांबच आहे असं वाटतं आणि कळी लांबते, तेव्हा जागा बदलून बघा.

पाणीही जरा ताणा. अगदी वाळवायचं नाही, पण रोज सकाळ-संध्याकाळ भिजवणं बंद करा.

मग पाणी किती द्यायचं?

बोट मातीत घाला, एक पेर आत कोरडं लागलं तर द्या. थंडीत जमिनीतल्या झाडाला दोन-तीन दिवसांनी पुरतं, कुंडीला एक दिवसाआड. पाणी बुंध्याशी, पानांवर नाही, आणि शक्यतो सकाळी. दुपारी पानं मलूल दिसली आणि संध्याकाळी परत ताठ झाली तर घाबरून पाणी ओतू नका, ते उन्हामुळे असतं.

बाल्कनी पूर्वेला आहे, ११ वाजता ऊन जातं. लावू की नको?

गुलाबी बुटकी जात लावून बघा, थोडी फुलं मिळतील, ग्रीलच्या अगदी बाहेरच्या कडेला ठेवा. उत्तरेची बाल्कनी असेल तर सरळ सांगते, दुसरं काहीतरी लावा.

शेंड्यावर काळे-हिरवे बारीक किडे चिकटलेत, आणि पानांवर पांढरी पावडर पण आहे.

किडे म्हणजे मावा, पावडर म्हणजे भुरी. माव्याला पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला तरी बहुतेक निघून जातो, नाहीतर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, नीट हलवून संध्याकाळी फवारा. उघड्या फुलांवर मारू नका, मधमाश्या येतात तिथे. मुंग्यांची रांग दिसली की मावा आहेच समजा.

भुरी बहुतेक जानेवारीनंतर येते, दिवसा ऊन आणि रात्री गारठा असा खेळ चालू झाला की. जास्त लागलेली पानं काढा, झाडं दाट असतील तर एखादं उपटून हवा खेळती करा. हंगामाच्या शेवटी आली तर मी काही करतच नाही, झाडाचं आयुष्य तसंही संपत आलेलं असतं.

सुकलेली फुलं काढायची का?

हो, दर दोन-तीन दिवसांनी. बी धरलं की झाडाला वाटतं काम झालं, मग फुलं कमी होतात. नुसती पाकळी ओढू नका, खाली पहिल्या पानाच्या जोडीपर्यंत देठ कापा. फुलदाणीसाठी कापत राहिलात तर वेगळं काही करावंच लागत नाही. फुलदाणीला सकाळी लवकर, नुकतंच उमलणारं फूल घ्या, खालची पानं काढून लगेच पाण्यात, चार-पाच दिवस आरामात टिकतं. हाराला मात्र उपयोग नाही, पाकळ्या लगेच लोळतात, तिथे झेंडू-शेवंतीच बरी.

पुढच्या वर्षीसाठी बी कसं धरायचं? आणि मागच्या वर्षी पांढऱ्याचं बी धरलं होतं, यंदा गुलाबी आलं, असं कसं?

हंगामाच्या शेवटी चांगल्या झाडांवरची काही फुलं तशीच सोडा. पाकळ्या गळतात, मधला गोंडा आधी हिरवा मग तपकिरी होतो आणि बिया चांदणीसारख्या बाहेर पसरतात, तेव्हा काढायच्या. तोवर थांबलात नाही तर कच्चं बी येतं, फार थांबलात तर वाऱ्याने खाली पडतं. कागदावर सावलीत आठवडाभर वाळवा, मग कागदी पाकिटात, वर जात आणि वर्ष लिहून, हवाबंद डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर बी भरलं की बुरशी ठरलेली.

रंगाचं असं आहे की गुलाबी कॉसमॉसला स्वतःचे परागकण चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचे लागतात. म्हणजे तुमच्या पांढऱ्या झाडावर बसलेली सातेरी मधमाशी आधी शेजारच्या राणी रंगाच्या झाडावरून आलेली असते आणि पिल्लांत रंग मिसळतात. याच कारणाने एकच झाड लावलं असेल तर बी नीट भरत नाही, पोचट निघतं. पांढराच हवा असेल तर आसपास फक्त पांढरेच लावा, आणि शेजाऱ्यांकडे काय लावलंय तेही बघा. रंगांची खात्री हवी असेल तर सरळ नवं पाकीट घ्या. मला स्वतःला ही भेसळ आवडते.

पावसाळ्यानंतर टेकड्यांवर, हायवेच्या कडेला केशरी कॉसमॉसचे गालिचे दिसतात, किती सुंदर! तिथलं बी आणून लावलं, किंवा उरलेलं बी टेकडीवर टाकलं तर?

टेकडीवर बी टाकू नका, कृपया. सीडबॉलमध्ये, म्हणजे बी भरलेल्या मातीच्या गोळ्यांत, तर अजिबात नको.

ते गालिचे दिसायला छान आहेत, लोक थांबून फोटो काढतात, पण ते आपल्याकडचं रानफूल नाही, बागेतून सुटलेलं आहे. पुण्याच्या टेकड्यांवर गेल्या काही वर्षांत ते किती पसरलंय ते रोज फिरायला जाणाऱ्या कुणालाही विचारा. बियांच्या टोकाला बारीक काटे असतात, ते पँटला, कुत्र्याच्या केसांना चिकटून पुढे जातात. एका झाडाचं भरपूर बी पडतं, पुढच्या पावसात तिथेच दाट रान उगवतं, आणि त्या दाटीत आपली गवतं, सोनकी, तेरडा, कवला यांना जागा आणि ऊन उरत नाही. दुसरीकडेही हेच झालंय. दक्षिण आफ्रिकेच्या हायव्हेल्ड भागात मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यांच्या कडा गुलाबी कॉसमॉसने भरतात, आणि बोअर युद्धाच्या वेळी घोड्यांसाठी अर्जेंटिनाहून आणलेल्या चाऱ्यातून ते बी आलं असं तिथे सांगतात.

म्हणून माझं मत असं की घर टेकडी, ओढा, माळरान किंवा जंगलाला लागून असेल तर केशरी लावूच नका, गुलाबी लावा. शहराच्या मध्यात चौथ्या मजल्यावरच्या कुंडीत लावला तर हरकत नाही, पण सुकलेली फुलं बी धरायच्या आत काढा आणि उपटलेली झाडं बियांसकट मोकळ्या प्लॉटवर फेकू नका. रस्त्याकडेची फुलं घरी न्यायची असतील तर खुशाल न्या, पण बी तयार व्हायच्या आधी!

केशरी फुलांनी कापड रंगवता येतं म्हणतात?

येतं, आणि रंग सुंदर येतो. सुती किंवा रेशमी कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून घ्यायचं, फुलं पाण्यात मंद आचेवर तासभर ठेवून गाळायची, त्यात कापड सोडायचं. पिवळा ते केशरी रंग चढतो, चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला की तांबूसकडे जातो. स्वयंपाकाचं पातेलं वापरू नका.

पानं खातात का?

आग्नेय आशियात कॉसमॉसच्या एका वेगळ्या जातीची कोवळी पानं सॅलडमध्ये खातात, मलेशियात तिला उलम राजा म्हणतात. आपल्या कुंडीतला कॉसमॉस तो नाही, आणि नर्सरीच्या बियांना औषध लावलेलं असू शकतं. शोभेपुरताच ठेवा.

फुलून झाल्यावर झाड छाटलं तर परत येईल का?

बहर ओसरताना एक तृतीयांश छाटलं तर थोडी फुलं परत देतं, पण झाड एका हंगामाचंच. वाळलं की उपटा आणि बिया काढून कंपोस्टमध्ये टाका.

आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे हेच वेळापत्रक चालेल का?

नाही, तुमचं उलटं. शेवटचं दंव पडून गेल्यावर, म्हणजे साधारण मेमध्ये, बाहेर पेरा, किंवा त्याआधी ४ ते ६ आठवडे घरात ट्रेमध्ये उगवून घ्या. तुमच्याकडे जूनचा दिवस १५ तासांचा, त्यामुळे उंच जाती आधी उंच होतात आणि खरा बहर ऑगस्टपासून दंव पडेपर्यंत चालतो, लवकर हवं असेल तर बुटक्या जाती घ्या. मेलबर्नवाल्यांनी सप्टेंबर ते नोव्हेंबर धरा. आणि आईने धरलेलं बी प्रेमाने बॅगेत घालून नेऊ नका, लागवडीच्या बियाण्याला परवान्याचे आणि प्रमाणपत्राचे नियम आहेत, एअरपोर्टवर काढून घेतात. तिथल्या गार्डन सेंटरमध्ये पाकीट तीन-चार डॉलरला मिळतं.